तुळसाच्या कागदावरची पहिली ओळ

माझं शिक्षण पाचवी, तेही तमिळ शाळेत. पन्नास वर्षं कुंभकोणमला शिंपीकाम केलं. तेव्हा सूर्योदयाचं वर्णन वगैरे इथं कोणी शोधू नये. सूर्य कुंभकोणमलाही उगवतो. मी समुद्राच्या काठाकाठानं चार दिवस गाडीतून फिरून आलो. त्या रस्त्यानं फार कोणी जात नाही. शिवाय एक चूक झाली, ती सांगण्यासारखी आहे, म्हणून लिहितो.

लिहिलं मी तमिळ अक्षरांत. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या मागून इकडं आले. घरात मराठी राहिली, अक्षरं गेली. आजोबा मोडी लिहायचे, वडील नुसती मोडीत सही करायचे, मी तेवढंही करत नाही. हे सगळं नागरीत उतरवलं ते माझ्या सुनेनं, मेधानं. ती दापोलीकडची, खाऱ्या पाण्याकाठच्या गावची. माझ्या मुलाच्या ऑफिसात होती, आता चेन्नईला त्याच्या घरात आहे. तिनं माझ्या 'कोठें'चं 'कुठं' केलं आणि दोन शिव्या काढल्या. बाकी माझं.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर. त, थ, द, ध यांनाही एकच. प, फ, ब, भ तसंच. तमिळ बोलणाऱ्याला त्यानं काही अडत नाही. मराठी लिहिणाऱ्याला अडतं. लग्न झालं त्या वर्षी माझ्या बायकोनं, तुळसानं, मला सामानाची चिठ्ठी दिली. मी बाजारातून धूप घेऊन आलो. तिनं तूप लिहिलं होतं.

"आता पोळीवर धूप वाढू का?" ती म्हणाली.

"नीट लिहीत जा."

"तुम्ही नीट वाचत जा."

हे भांडण पुढं चाळीस वर्षं चाललं.

कागद

तुळसा गेली त्याला आता दीड वर्ष होईल. ब्लाउज शिवायचो मी आणि हुक, काज, तुरपाई तिची. ती गेल्यावर बिनहुकांचे ब्लाउज साठले. गिऱ्हाइकं पहिले काही दिवस गप्प बसली, मग बोलायला लागली. शेवटी एका दुपारी मी तिचा हुकांचा डबा उघडला. हुकांच्या खाली कॅलेंडरचं एक पान होतं, चार घड्या घातलेलं. मागच्या बाजूला तिचं अक्षर. सहा ओळी.

गाडी बघायची, परतीला.
तरंगंबाडीला पाय भिजवायचे.
वेदारण्यमचं खडेमीठ.
कोडियकरैची हरणं.
मनोरा.
ह्यांना टोपी.

हा तिचा प्रवास. तो मी वर्षानुवर्षं पुढं ढकलला होता. शिंप्याला दीपावळीआधी मरायलाही सवड नसते. मी म्हणायचो, दीपावळी होऊ दे, मग जाऊ. दीपावळी झाली की पोंगल, पोंगल झाला की लग्नं, लग्नं संपली की शाळांचे गणवेश. एका गिऱ्हाइकाची जुनी पांढरी गाडीसुद्धा घेऊन ठेवली होती मी. ती शेजारच्या तिरुविडैमरुदूरच्या पुढं कधी गेली नाही. तुळसानं त्यावरून भांडण केलं नाही. केलं असतं तर कदाचित गेलो असतो.

मी ठरवलं, हा कागद पुरा करायचा. एक ओळ गाळायची नाही, एक वाढवायची नाही. तिनं माप दिलंय, आपण त्या मापानं कापायचं.

शेजारपाजाऱ्यांना रस्ता विचारला. कुंभकोणमच्या माणसाला प्रवास विचारला की तो देऊळ सांगतो. एकानं नवग्रहांची नऊ देवळं सांगितली, दुसऱ्यानं तिरुविसनल्लूरचा मठ सांगितला. मी म्हटलं, मला समुद्र हवाय. तो म्हणाला, समुद्रात काय आहे? मी म्हटलं, पाणी. संपलं बोलणं.

मग पहिली ओळ. गाडी बघायची, हे सरळ आहे. प्रवासाला निघताना आधी गाडी तपासायची. तुळसा हुशार होती. पण पुढचं 'परतीला' मला अडलं. दोन दिवस विचार केला आणि लक्षात आलं. परती म्हणजे मागं येणं. म्हणजे रिव्हर्स! आमच्या गाडीचा रिव्हर्स गिअर पहिल्यापासून खराब. दुकानासमोर गाडी मागं घ्यायची तर दोन माणसांनी ढकलायची. तेच तिनं लिहिलं असणार.

मेकॅनिक सेल्वम माझ्या दुकानामागंच बसतो. त्याला मी पंधरा दिवस सोडलं नाही. ब्रेक, क्लच, टायर, पट्टा, सगळं करून घेतलं. रिव्हर्स तीनदा खोलायला लावला.

"राव, तुम्ही वेदारण्यमला उलटं जाणार आहात का?" तो म्हणाला.

"बायकोनं लिहून ठेवलंय."

त्यानं पुन्हा पाना उचलला. चौथ्यांदा स्वतःहून खोलला. शेवटी म्हणाला, "आता या गाडीत जुने फक्त तुम्ही."

मी पेन्सिलीनं पहिल्या ओळीपुढं खूण केली.

गाडी चालवायला मेधा आली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि मुलगा कॉम्प्युटरसमोरून उठत नाही. बाईमाणूस गाडी चालवणार म्हणून मी पहिल्या दिवशी दाराची कडी धरून बसलो होतो. आडुतुरै गाव येईपर्यंत सोडली. माझ्या मुलापेक्षा बरी चालवते, हे त्यानं वाचलं तरी चालेल.

तरंगंबाडी

सकाळी निघालो. चिंचेचा भात, दहीभात आणि उडदाच्या पिठाची डांगर पचडी बरोबर घेतली. तिरुभुवनम् लागलं तेव्हा हातमागांच्या दुकानांत रेशमी साड्या टांगत होते. मी सवयीनं खिशातला टेप चाचपला. या साड्यांवरचे ब्लाउज शिवण्यात माझं आयुष्य गेलं आणि आज मी न थांबता पुढं जात होतो. बरं वाटलं. शाळा चुकवल्यासारखं.

मायिलाडुतुरैच्या पुढं भाताची खाचरं संपतात, ताड सुरू होतात आणि हवेला खारट वास येतो. तरंगंबाडीला पूर्वी डेन्मार्कहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेला किल्ला आहे, पिवळसर. किल्ल्यापेक्षा मला त्या लोकांचं नवल वाटलं. एवढ्या लांबून आले आणि बांधलं काय, तर पाण्याच्या इतकं जवळ की लाटा पायरीशी येतात. शिवणीत कापड न सोडता कापल्यासारखं काम.

मी वेष्टी, म्हणजे आमचं लुंगीसारखं धोतर, वर धरून पाण्यात जाऊन उभा राहिलो. कागदावर किती वेळ ते लिहिलेलं नव्हतं. मेधा म्हणाली, "अप्पा, झाले भिजून. आता वेष्टी भिजतेय." मग बाहेर आलो.

दुपारी तिला मासा हवा होता. मी खात नाही, पण समोर बसलो. तिनं पहिला घास घेतला आणि विचारात पडली.

"चिंच आहे यात."

"मग काय असणार?"

"आमच्याकडं कोकम घालतात."

"तुमच्याकडं पोह्यांतही साखर घालतात."

"ते पुण्यात. आम्ही नाही घालत." हे तिनं इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. महाराष्ट्रात इतके देश आहेत हे मला माहीत नव्हतं.

टोपी तिथंच घेतली. पांढरी, पुढं छज्जा असलेली. आरशात बघितलं तर मी एखाद्या निवृत्त पंचासारखा दिसत होतो. पण ओळ होती, म्हणून घातली.

वेदारण्यम् आणि कोडियकरै

दुसऱ्या दिवशी पुढं निघालो. नागपट्टणमच्या खाली रस्ता रिकामा होत जातो. वेदारण्यमजवळ दोन्ही बाजूंना मिठागरं. जमिनीवर आरसे पसरून ठेवावेत तशी, आणि मधून मिठाचे ढीग. ऊन असं की डोळे मिटूनही उजेड दिसतो. टोपी का लिहिली होती ते तिथं कळलं.

एक बाई फळीनं मीठ ओढत होती, डोक्याला कापड बांधलेलं, माझ्याच वयाची. मी मीठ मागितलं.

"कुठून आलात?"

"कुंभकोणम."

"तिकडच्या दुकानात मीठ मिळत नाही का?"

"बायकोनं इथलं सांगितलंय."

"मग न्या बाबा. विसरून गेलात तर घरात घेणार नाही."

"होय," मी म्हटलं. "रागीट आहे."

बाईनं पिशवी भरून दिली, वर आणखी एक ओंजळ टाकली, म्हणाली ही तिच्यासाठी. गाडीत मेधानं पिशवी मागं ठेवायला हात पुढं केला. मी दिली नाही. मीठ मांडीवर होतं.

कोडियकरैला जमीन संपते आणि समुद्राला कोपरा येतो. रानात काळवीट आहेत. आम्ही गाडी बंद करून बसलो. आधी काहीच नाही, मग एकदम तीस-चाळीस, उड्या मारत. एक नर मात्र वाटेत उभा राहून आमच्याकडं बघत राहिला. त्याची शिंगं स्क्रूसारखी, पाठीचा काळा रंग आणि पोटाचा पांढरा असा स्वच्छ जुळवलेला की मधली शिवण दिसत नाही. असं काम मला पन्नास वर्षांत जमलं नाही.

मी ते बघत असताना माकडानं माझी टोपी नेली. झाडावर बसून त्यानं ती घातली, काढली, हुंगली आणि छज्जा खाल्ला. मेधा इतकी हसली की तिला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

"दुसरी घेऊ या अप्पा."

"नको. कागदावर एकच आहे."

त्या रात्री वेदारण्यमला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला निघालो. तासाभरानं मुत्तुपेट्टै आलं. गावाबाहेर एक मोठा फलक होता, त्यावर बोटीचं चित्र, हिरवी झाडं. मेधा चेन्नईत बसच्या पाट्या वाचून तमिळ अक्षरं शिकलीय, एकेक अक्षर लावून वाचते. तिनं गाडी हळू केली.

"अप्पा, इथं बोटीनं आत जाता येतं बहुतेक. थांबायचं?"

"कागदावर नाही."

"अर्धा तास फक्त."

"मेधा. कागदावर नाही."

तिनं वेग वाढवला. तिचा ओठ पुढं आलेला मला दिसला. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

मनोरा

अधिरामपट्टणमच्या पुढं, मल्लिपट्टणमजवळ, समुद्राकाठी मनोरा आहे. आमच्या राजानं बांधला, दोनशे वर्षं झाली. सहा कोन, आठ मजले, भोवती खंदक. आजूबाजूला नारळ आणि बकऱ्या. मला उगाच अभिमान वाटत होता, जणू कापड मी कापलं होतं.

फाटकावर एक म्हातारा राखणदार होता. मी त्याला विचारलं, "मनोरा म्हणजे काय, माहीत आहे?"

"राणीचं नाव असेल."

"आमच्या भाषेत उंच बुरूज. मनोरा."

"म्हणजे बुरुजाचं नाव बुरूज ठेवलं?"

"होय."

"राजाला एवढा पैसा होता, नाव तरी शोधायचं," तो म्हणाला.

वरचे मजले बंद होते. उघडे होते तिथपर्यंत चढलो. माझे गुडघे प्रत्येक पायरीला काहीतरी बोलत होते. वर गच्चीवर आलो आणि समुद्रावरून वारा आला तो असा की वेष्टी पतंगासारखी उडाली. मी एका हातानं पुढून धरली तर मागून सुटली. दोन्ही हात हवे होते आणि एका हातात कागद होता, कारण मनोऱ्याची खूण मी तिथंच करणार होतो.

तोवर तो कागद मी कोणाच्या हातात दिला नव्हता. मुलाच्याही नाही. पण शिंपी असलो तरी उघडा पडायची वेळ आली.

"धर," मी म्हटलं.

मेधानं दोन्ही हातांत धरला. मी भिंतीआड जाऊन वेष्टी कमरेला पक्की खोवली. परत आलो तर ती पायरीवर बसली होती, कागदावर बोट ठेवून.

"अप्पा, ही पहिली ओळ काय म्हणालात तुम्ही?"

"गाडी बघायची, परतीला. झाली ती."

"हे ग कशावरून?"

"म्हणजे?"

"ख पण असेल ना? खाडी."

"खाडी काय असतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही तीनशे वर्षं नदीकाठी. आमच्या मराठीत तो शब्द राहिलाच नाही, कोणाला लागला नाही. मेधानं मान वर केली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

ती म्हणाली, लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिला चेन्नईत करमत नव्हतं. रोज दुपारी ती तुळसाला फोन करायची. मला वाटायचं, रेसिपी विचारते. ती आपल्या माहेरची खाडी सांगायची. समुद्र जमिनीत आत कसा येतो, कडेला तिवरं कशी उभी असतात, दिवसातून दोनदा पाणी कसं चढतं आणि उतरतं.

"आई विचारायच्या, समुद्र आत येतो म्हणजे घरात येतो का? म्हणायच्या, मला तुझी खाडी बघायचीय. पण गुडघ्यांनी एवढ्या लांब कुठं येऊ? मीच म्हटलं, तुमच्याकडंही असेल एखादी, शोधा. मग एकदा म्हणाल्या, सापडली, मुत्तुपेट्टैला आहे. मी म्हटलं, बघायची तर भरतीला बघा आई, ओहोटीला नुसता चिखल असतो."

तिनं पुढच्या शब्दावर बोट सरकवलं. प आणि भ, एकच अक्षर.

"भरतीला," ती म्हणाली.

खाडी बघायची, भरतीला.

मी खाली समुद्राकडं बघत उभा राहिलो. पंधरा दिवस मी सेल्वमचं डोकं खाल्लं होतं. गिअर चारदा खोलला होता. आणि आज सकाळी मुत्तुपेट्टैवरून जाताना, तिच्या पहिल्या ओळीवरून जाताना, मी सुनेला गप्प केलं होतं. या कागदावर तुळसाला सगळ्यांत जास्त जे हवं होतं ते तिनं वर लिहिलं, आणि त्यासाठी सुनेकडून दोन शब्द शिकली. मी घरातच होतो. मशीन चालवत होतो, म्हणून ऐकू आलं नाही.

"तुझ्या लक्षात नव्हतं होय?" मी मेधावर ओरडलो. माणूस असाच असतो.

"लक्षात होतं, म्हणून तर थांबायचं का विचारलं. कागद दाखवलात का कधी?" ती पण ओरडली.

राखणदार खालून वर बघायला लागला. मग आम्ही उतरलो.

गाडी लावली होती तिथं एका बाजूला खंदक, समोर नारळाचं झाड आणि मागं बकऱ्या. मेधानं गाडी रिव्हर्समध्ये टाकली. आवाज नाही, झटका नाही, लोण्यासारखी मागं आली.

"सेल्वमनं काम चांगलं केलंय," ती म्हणाली.

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, त्यामुळे आधी खोकल्यासारखं वाटलं.

मागं

मुत्तुपेट्टैला वनखात्याची परवानगी लागते आणि बोट त्यांनी नेमलेला माणूस चालवतो. आमच्या नावाड्याचं नाव मुरुगेसन. मी त्याला विचारलं, भरती कधी?

"उद्या अकराच्या सुमाराला. पण सार, भरतीसाठी कोणी थांबत नाही. आत्ता चला."

"उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला निघालो. आधी नदी, दोन्ही काठांना झाडांची भिंत, बगळे, बदकं. फांद्या पाण्यावर वाकलेल्या, बोट खालून जाते. मग एकदम भिंत संपते आणि समोर एवढं मोठं पाणी की पलीकडचा काठ पेन्सिलीच्या रेघेएवढा. समुद्र नाही, नदी नाही. मेधा उभीच राहिली. "हीच," ती म्हणाली, आणि पुढं सगळी तिच्या माहेरची मराठी सुरू झाली. त्यातली निम्मी मला कळली नाही.

मुरुगेसननं बोट झाडांपाशी बांधली. चिखलातून तिवरांची मुळं सरळ वर आलेली होती, बोटाएवढी, हजारो. झाडं त्यांतून श्वास घेतात म्हणे. मला ती टाचण्यांच्या उशीसारखी दिसली. तुळसा तोंडात टाचण्या धरून बोलायची, तेही आठवलं.

"आमच्याकडं पाणी दोन पुरुष चढतं," मेधा म्हणाली. "इथं किती?"

मुरुगेसननं वीत दाखवली. "तीही पुरी नाही."

मेधाचा चेहरा पडला. मी खिशातला टेप काढून एका मुळाला लावला आणि पाण्याची रेघ बघून ठेवली. तासाभरानं परत लावला. चार इंच.

"एवढ्यासाठी थांबलात सार?" मुरुगेसन म्हणाला.

"ब्लाउजला चार इंच म्हणजे काय असतं तुला माहीत नाही," मी म्हटलं.

पाणी चढताना दिसत नाही. एक टाचणी असते, दुसऱ्याकडं बघून परत बघावं तर नसते. आम्ही तिघं तेच बघत होतो. शेवटचं एक मूळ बराच वेळ टिकलं. मग तेही गेलं आणि पाणी सपाट झालं, इस्त्री फिरवल्यासारखं.

मी कागद काढला तेव्हा मेधानं माझ्या हाताकडं भीत भीत बघितलं. तिला वाटलं, मी तो पाण्यात सोडणार. मी कशाला सोडू? पहिल्या ओळीपुढं गाडीची खूण होती, तिच्या शेजारी दुसरी केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. मीठ बरणीत आहे. हुक लावायला मी शिकलोय, वाकडे लागतात. माळ्यावर तुळसाचा आणखी एक डबा निघाला, जुन्या बिस्किटांचा, त्यात चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या. मेधा रविवारी येते. आम्ही एकेक काढतो आणि आधी माझं वाचन, मग तिचं, असं वाचतो. किती चुकीचं आणलं असेन, देव जाणे.

परवा पहिल्याच चिठ्ठीत तूप की धूप ते ठरेना. मी पिशवी घेऊन बाजारात गेलो आणि दोन्ही आणलं.